ऐकलं तेवढंच

सनद

डिसेंबरात फिनलंडला जाऊन आलो असं सांगितलं की बहरीनमधली आमची मराठी मंडळी आधी आकाशातल्या हिरव्या प्रकाशाबद्दल विचारतात. तो दिसला, दोनदा दिसला. पण आम्ही तो बघायला गेलो नव्हतो. उलट तो दिसला की बाबांचा चेहरा उतरायचा, कारण आकाश असं पेटलं की रेडिओवरची उत्तरेकडची लांबची स्टेशनं बुडून जातात. आम्ही ऐकायला गेलो होतो.

बाबा म्हणजे माझे वडील. पंचवीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. माझ्या लहानपणी ते घरी कमी आणि पोस्टकार्डांवर जास्त असायचे. आई गेल्यानंतर त्यांना पुण्यात एकटं ठेवणं मला जमेना, म्हणून गेली चार वर्षं ते आमच्याकडे, बहरीनमधल्या सनद भागात आहेत. मी मनामातल्या एका बँकेत आहे, नवरा मिलिंद रिफाला एका कंपनीत इंजिनियर आहे आणि मुलगी ईरा नववीत.

बाबांना एकच छंद आहे. मीडियम वेव्हवर हजारो मैलांवरचं एखादं दुबळं स्टेशन पकडायचं, ते कोणतं हे ओळखायचं आणि वहीत वेळ, फ्रिक्वेन्सी आणि जे ऐकू आलं ते लिहायचं. गाणी किंवा बातम्या ऐकणं हा त्यातला भागच नाही. स्टेशनने स्वतःचं नाव सांगितलं आणि आपण ते ऐकलं, की काम झालं. ईराने एकदा विचारलं होतं, “आजोबा, व्हाय डोन्ट यू जस्ट स्ट्रीम इट?” बाबा नुसते हसले होते.

सनदमध्ये मात्र त्यांना काही ऐकू येत नसे. प्रत्येक घरावर चार-पाच एसी, पाण्याचे पंप, एलईडी दिवे, चार्जर, आणि या सगळ्यांची रेडिओवर एक अखंड घरघर. बाबा गॅलरीत रिसीव्हर घेऊन बसायचे आणि तासाभराने आत यायचे. मला वाटायचं, दोष त्या घरघरीचा आहे. मग ऑगस्टात कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कान बरेच गेले होते, आणि राहिलेलंही वर्षभरात आणखी उतरेल असं त्यांनी सांगितलं. गाडीत रिफाच्या सिग्नलला बाबा म्हणाले, “मेधा, एकदा अगदी शांत जागी बसून ऐकायचंय.”

जागा त्यांनी आधीच शोधून ठेवली होती. फिनलंडच्या उत्तरेला, इनारी सरोवराच्या पलीकडच्या जंगलात, फक्त रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी ठेवलेली एक लाकडी केबिन. बाबांनी माझ्याकडे आयुष्यात क्वचितच काही मागितलं आहे. मी दहा दिवसांची रजा टाकली. एका सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा हट्ट पुरवते आहे, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं.

इनारी

तीन विमानं बदलून बाबा आणि मी इवालोच्या छोट्याशा विमानतळावर उतरलो. दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेर काळोख होता. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही. अकराच्या सुमारास दक्षिणेकडे आकाश निळसर होतं, तासा-दोन तासांनी ते पुन्हा मिटतं. एरवी दिवस नाही. बाबांना हे माहीत होतं, त्यासाठीच त्यांनी हा महिना निवडला होता. या लहरी उजेडात मरतात आणि अंधारात लांब जातात. जिथे दिवसच नाही तिथे भरदुपारीसुद्धा जग ऐकू येतं.

न्यायला केबिनचे मालक पेक्का आले होते. पासष्टीचे, शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. इंग्रजी जपून बोलत, वाक्य मनात पूर्ण झाल्यावरच तोंडातून काढत. शंभर किलोमीटरच्या रस्त्यात त्यांनी तीन-चारच गोष्टी सांगितल्या. त्यातली एक अशी की केबिनमध्ये फोन चार्ज करायचा नाही. चार्जर गोंगाट करतो. फोन लाकडांच्या शेडमध्ये ठेवायचा, हवा असेल तेव्हा तिथे जायचं.

केबिन म्हणजे एक खोली, दोन बाकं, लाकडं जळणारी शेगडी आणि खिडकीखाली एक लांब टेबल. टेबलावर रिसीव्हर, दोन हेडफोन, सगळं रेकॉर्ड करणारा एक कॉम्प्युटर आणि आजवर आलेल्या प्रत्येकाने भरलेली जाडजूड नोंदवही. भिंतीतून सहा तारा आत येत होत्या. प्रत्येक तार झाडाझाडांना टांगत सरळ एक किलोमीटर जंगलात गेलेली. एक अमेरिकेच्या दिशेने, एक जपानच्या, एक अलास्काच्या. बाबांनी विचारलं, आग्नेयेकडची कोणती? पेक्कांनी चौथ्या तारेवर बोट ठेवलं. ती आमच्याकडची. त्या रेषेत बहरीन येत होतं आणि पुढे समुद्र ओलांडून कोकण.

रात्री पेक्कांच्या बायकोने डब्यात दिलेलं साल्मन माशाचं दुधाळ सूप गरम केलं. बटाटे आणि शेपू घातलेलं. शेपू म्हटलं की आपल्याकडे अर्धं घर ताटावरून उठतं, पण माशाबरोबर तो असा लागतो हे मला माहीत नव्हतं. बाबांनी सोबत राईची काळी भाकरी खाल्ली आणि आम्ही नेलेलं लिंबाचं लोणचं पेक्कांना वाढलं. त्यांनी एक फोड खाल्ली, बराच वेळ विचार केला आणि दुसरी घेतली.

पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता बाबांनी हेडफोन लावले. अर्ध्या तासाने काढले आणि माझ्यापुढे धरले. म्हणाले, “काही आहे का बघ.”

मी लावले. आधी नुसती शांतता. सनदची ती घरघर नाही, तर समुद्रावर लांबून पाऊस पडत असल्यासारखी एक बारीक सळसळ. मग तिच्या तळातून एक बाईचा आवाज वर आला, इंग्रजीत. वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, कुठल्या तरी सामुद्रधुनीचं नाव. अलास्कातल्या मच्छीमारांसाठीचं हवामान. मी एकेक शब्द मोठ्याने सांगत गेले आणि बाबा लिहीत गेले. त्यांच्या रिसीव्हरसारखीच बटणं, आणि माझीही त्यांच्यासारखीच, कानावर हात ठेवून कललेली मान. पण आवाज मला येत होता, त्यांना नाही. ते त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं. बाबांनी मला सोबत म्हणून आणलं नव्हतं.

तुटलेली तार

तिसऱ्या दिवशी चौथ्या तारेवर एकदम शुकशुकाट झाला. पेक्का म्हणाले, रेनडियर. त्यांची शिंगं तारेत अडकतात, ते ओढतात आणि तार तुटते. अकरा वाजता, निळा उजेड आल्यावर, मी त्यांच्याबरोबर निघाले. बाबांना यायचं होतं. पेक्कांनी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि शेगडीत लाकूड घालायचं काम त्यांना दिलं.

उणे बावीस तापमान होतं. पापण्यांवर श्वासाचा बर्फ जमत होता. बहरीनच्या उन्हाळ्यात आम्ही एसीच्या घरातून एसीच्या गाडीत आणि गाडीतून एसीच्या ऑफिसात जातो, बाहेरची हवा चुकवत जगतो. इथली माणसंही तेच करतात, फक्त उलट्या बाजूने. असं काहीतरी मी पेक्कांना सांगत होते आणि पायवाट सोडून एक पाऊल बाजूला पडलं. कमरेपर्यंत बर्फात गेले. बाहेर निघायला दहा मिनिटं लागली. एक बूट आतच राहिला होता, तो पेक्कांनी कोपरापर्यंत हात घालून शोधून दिला. ना हसले, ना रागावले.

तार सातशे पावलांवर तुटली होती. हातमोजे काढून दोन टोकं पीळ देऊन जोडायची, मग पुन्हा हातमोजे. मिनिटाभरापेक्षा जास्त बोटं उघडी ठेवता येत नव्हती. आळीपाळीने जोडली. परतताना पेक्कांनी सांगितलं की पंचवीस वर्षं लोक इथे येतात, बहुतेक एकटे पुरुष, आणि बहुतेकांना एखादंच स्टेशन ऐकायचं असतं. जिथे ते जन्मले तिथलं, किंवा जिथे त्यांची बायको भेटली तिथलं. मग त्यांनी विचारलं, तुमच्या वडिलांना कोणतं ऐकायचं आहे?

मी कधी विचारलंच नव्हतं.

पावणेचार

त्याच दिवशी आम्ही तिघं जोडलेल्या तारेवर ऐकत बसलो. सव्वातीनपासून अरबी आवाज यायला लागले, एकावर एक चढलेले, कोणताच स्पष्ट नाही. पावणेचार वाजले. म्हणजे सनदमध्ये पावणेपाच, मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजाची वेळ. सळसळीतून अजान वर आली. क्षीण, पण अजानच. आमच्या गल्लीच्या टोकाला मशीद आहे, वीस वर्षं हा सूर माझ्या संध्याकाळांमध्ये आहे. तो त्या बर्फात ऐकताना मी हेडफोन कानांवर आणखी दाबून धरले.

अजान संपली आणि निवेदक बोलला. “हुना,” म्हणजे इथे. मग आवाज बुडाला. परत वर आला तो शेवटचा तुकडा, “...ऐन.” हुना अल-बहरैन. मी हेडफोन काढले आणि बाबांना सांगितलं, बहरीन लागलं. आपलं बहरीन.

बाबांनी पेन उचललं नाही. त्यांनी विचारलं, मधलं ऐकलंस का? मी म्हटलं, मधलं बुडालं, पण वेळ आपल्या मगरिबचीच होती. ते म्हणाले, समुद्रावरच्या पुलापलीकडे सौदीतही तीच वेळ असते. आणि ‘ऐन’ने संपणारे शब्द अरबीत काय थोडे आहेत?

पेक्कांनी कॉम्प्युटरवरून तेवढा भाग पुन्हा लावला. पहिल्यांदा मला ‘ऐन’ ऐकू आलं. दुसऱ्यांदा ‘रैन’. चौथ्यांदा पूर्ण ‘बहरैन’. मी तसं म्हटलं. बाबांनी हात वर करून पेक्कांना थांबवलं.

“मेधा, तू ऐकलंस, की तुला ऐकायचं होतं?”

मला राग आला. दिवसभराची थंडी, पायाचा ठणका, आणि त्यांच्यासाठी इतक्या लांब येऊन ही उलटतपासणी. मी म्हटलं, छंदच आहे ना हा, एका शब्दाने कुणाचं काय बिघडणार आहे?

बाबांनी वही मिटून बाजूला सारली. पेक्का उठले, कोट घातला आणि लाकडं आणायला म्हणून बाहेर गेले. मराठीतलं अवाक्षर कळत नसताना त्यांना कसं कळलं कोण जाणे.

मग बाबांनी जे सांगितलं ते मी आईच्या तोंडूनही कधी ऐकलं नव्हतं. मला नंतर समजलं, आईलाही ते माहीत नव्हतं.

त्यांच्या नोकरीचं ते दुसरं वर्ष होतं. जहाज कुवेतहून मुंबईकडे निघालेलं, जुलै महिना, समुद्र खवळलेला. त्या काळी नियम असा होता की दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं सगळ्या जहाजांनी गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं. कोणी संकटात असेल तर त्याची हाक दुसऱ्यांच्या बोलण्यात हरवू नये म्हणून. रेडिओ रूमच्या घड्याळावर ती तीन मिनिटं लाल रंगवलेली असत. सकाळी पावणेनऊच्या त्या तीन मिनिटांत, विजांच्या कडकडाटात, बाबांना मोर्स ऐकू आला. एस, ओ. मग खरखर. मग व्ही, टी, आणि आणखी एक अक्षर, बहुधा के. व्ही टी म्हणजे भारतीय जहाज, एवढंच त्यातून कळत होतं. मग काही नाही.

ते कॅप्टनकडे धावले. कॅप्टनने विचारलं, जागा कोणती? माहीत नाही. नाव? माहीत नाही. नक्की ऐकलंस? बाबा चोवीस वर्षांचे होते. ते म्हणाले, नक्की नाही. कॅप्टन म्हणाला, मग सोडून दे.

“ते एक वेळ ठीक होतं,” बाबा म्हणाले. “जागा माहीत नसताना तोही काय करणार होता. पण प्रत्येक वेळी लॉगबुकात लिहावं लागायचं. मी परत जाऊन लिहिलं, काही ऐकू आलं नाही. सही केली.”

तीन दिवसांनी सगळ्या जहाजांना संदेश आला की एक किनारी मालवाहू जहाज बेपत्ता आहे. ते कधीच सापडलं नाही. खलाशी बहुतेक श्रीवर्धन-म्हसळ्याकडचे होते. जहाजाचं नाव बाबांनी मला सांगितलं. इथे ते लिहीत नाही. चौकशी झाली असणार, पण यांच्या लॉगबुकात काहीच नव्हतं, म्हणून यांना कोणी विचारलं नाही. तेच जहाज असेल, नसेलही. पुण्याहून श्रीवर्धन चार-पाच तासांवर. बाबा एकदाही त्या बाजूला गेले नाहीत. आई एकदा हरिहरेश्वरला जाऊ म्हणाली होती, तर तिला काहीतरी कारण सांगितलं होतं.

त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण आमच्यात ती सवय नाही. मी नोंदवही ओढून घेतली आणि लिहिलं, पंधरा सत्तेचाळीस, अजान, नंतर ‘हुना’, मग आवाज गेला, शेवटी ‘ऐन’. स्टेशन अनिश्चित. त्यांना वाचून दाखवलं, मोठ्याने, दोनदा. बाबांनी मान डोलावली. पेक्का लाकडं घेऊन आत आले आणि आम्ही तिघांनी रेनडियरचं मांस, कुस्करलेले बटाटे आणि आंबट लाल बोरं असं जेवण केलं. बाबा त्या दिवशी नेहमीपेक्षा थोडं जास्त जेवले.

त्यानंतरचे तीन दिवस चौथ्या तारेवर बहरीन पुन्हा लागलं नाही. जपानचं लागलं, कॅनडाच्या किनाऱ्यावरची एक प्रार्थना लागली. निघण्याआधीच्या दुपारी बाबांनी स्वतः हेडफोन लावले, तासभर बसले आणि वहीत लिहिलं की काही ऐकू आलं नाही. खाली सही केली.

मीना सलमान

परत आल्यावर आठवड्याने बाबांनी विचारलं, मीना सलमान बंदरात कोकणातले लोक आहेत ना? आमच्या बँकेत बंदराकडची बरीच खाती आहेत. जहाजांना दोरखंड, रंग, लाइफ जॅकेटं पुरवणाऱ्या एका दुकानात इब्राहिमभाई म्हणून कारकून आहेत, साठीकडे झुकलेले, श्रीवर्धनजवळच्या गावचे. मी फोन केला. वडिलांना तुमच्या भागातल्या एका जुन्या जहाजाबद्दल बोलायचंय एवढंच सांगितलं. ते म्हणाले, असरनंतर या, दुपारच्या नमाजानंतर गर्दी नसते.

दुकानात ताग आणि डांबराचा वास होता. इब्राहिमभाईंनी दोन स्टुलं पुसून दिली, चहा मागवला. बाबांनी जहाजाचं नाव घेतलं. इब्राहिमभाईंच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांच्या आणि शेजारच्या दोन गावांतून सात माणसं त्या जहाजावर होती. जहाजाचे भांडारी, म्हणजे स्वयंपाकी, हे त्यांच्या खालाचे, मावशीचे, नवरे.

बाबांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही आणि काही वाढवलंही नाही. कॅप्टनला दोष दिला नाही. दोनदा म्हणाले, ते तेच जहाज होतं असं मी म्हणत नाही. आणि लॉगबुकात काय लिहिलं तेही सांगितलं. मी दोरखंडाच्या वेटोळ्याकडे बघत बसले होते. इब्राहिमभाई ओरडतील असं मला वाटत होतं. ओरडले असते तर त्यात चूक नव्हती.

त्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, “खालाला सांगू? ती हाये अजून.”

“सांगा,” बाबा म्हणाले. “पण नक्की म्हणून सांगू नका.”

“नाय. जेवढं तुमी सांगितलं, तेवढंच सांगीन.”

त्यांनी तिथूनच फोन लावला. त्यांच्या कोकणीत बरंच बोलले, मला अर्धंमुर्धं कळलं. मग फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी टेबलावर आमच्यामध्ये सरकवला. म्हातारीचा आवाज बारीक होता. बाबांना तो ऐकू येईना, म्हणून ती जे म्हणाली ते मी त्यांच्या कानाशी वाकून सांगत गेले.

तिने विचारलं, ती हाक कशी होती?

बाबांनी सांगितलं की मोर्स वाजवणाऱ्याचा हात ओळखू येतो, घाबरलेला हात अडखळतो. “मी पाच अक्षरं ऐकली, बाई. त्यापुढचं मला माहीत नाही. त्या पाच अक्षरांत हात अडखळला नव्हता.”

इब्राहिमभाईंनी मान खाली घातली होती. नंतर त्यांनी आम्हाला सांगितलं की गावात सगळे असंच धरून होते, जहाज एका लाटेत उलटलं, हाक मारायलाही सवड मिळाली नाही. खाला गेली सत्तेचाळीस वर्षं तेच धरून होती.

“म्हंजे हाक मारली व्हती,” ती म्हणाली.

मी ते बाबांना सांगितलं. बाबांनी फोनकडे बघून समोर माणूस असल्यासारखी मान डोलावली, आणि मग लक्षात येऊन मोठ्याने म्हणाले, “हो.”

तिने बाबांना गावाला यायला सांगितलं.

मार्चमध्ये आम्ही गेलो. दोन दिवस राहिलो. त्या प्रवासाचं मी लिहिणार नाही.